सांग्रो नदीकाठी थोरल्या आजोबांचा शोध : माझा अनुभव

माझ्या आजोबांचे सख्खे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते आणि १९४३ च्या अखेरीस इटलीत धारातीर्थी पडले, याहून अधिक आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मुलांच्या सुट्टीत युरोपला जायचे ठरले, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली, "रोम, फ्लॉरेन्स तुम्ही पाहा, मला काकांच्या समाधीपाशी न्या." व्हिसा, तिकिटे, हॉटेले ही कामे विनासायास झाली. अडले ते समाधी नेमकी कोठे आहे या एका प्रश्नापाशी, आणि तिथे सात महिने गेले.

इटलीतली लढाई म्हटली की कसिनो गावाचे नाव निघते, म्हणून आम्हीही कसिनोच गृहीत धरले होते. खात्री करून घ्यावी म्हणून जुन्या सैनिकी नोंदी सांभाळणाऱ्या एका कार्यालयाला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले : सैनिकी क्रमांक कळवावा, त्याशिवाय शोध घेता येणार नाही. ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या शिपायाचा क्रमांक घरच्यांनी कोठून आणावा? नाव, गाव, तालुका, पलटण, मृत्यूचे साल असे सगळे लिहून दुसरे पत्र धाडले, तर वारस असल्याचा पुरावा मागितला गेला. थोरल्या आजोबांना मूलबाळ नव्हते. पुतण्याला वारस धरावे की नाही, या पत्रव्यवहारात आणखी तीन महिने गेले. शेवटी वडिलांना घेऊन मी स्वतः गेले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वरवर पाहिला, "नंबर आणा," एवढेच म्हटले आणि कागद परत सरकवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या वडिलांनी त्या कागदाची नीट चौघडी घालून तो खिशात ठेवला, ते मी अजून विसरलेले नाही. युद्धात पडलेल्या सैनिकांची जी यादी जगात कोणालाही घरबसल्या, विनामूल्य पाहता येते, तिचा साधा उल्लेखही या सात महिन्यांत एकाही माणसाने आमच्याजवळ केला नाही, याचा मला आजही संताप येतो.

क्रमांक अखेर घरातच सापडला. थोरल्या आजीची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. तिच्यात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले पेन्शनचे पुस्तक निघाले. पहिल्याच पानावर जांभळ्या शाईत क्रमांक, हुद्दा आणि इंग्रजीत लिहिलेले नाव होते, आणि पुढच्या पानापानांवर आजीचे अंगठे. तेव्हा कोणाला असा शोध घ्यायचा असेल तर त्याने कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी घरातल्या ट्रंका उघडाव्यात, विशेषतः घरातल्या विधवा आजी-पणजीच्या.

त्या रात्री कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला आणि नोंद समोर आली. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची स्मारके सांभाळते. केवळ नावाने आम्ही ती यादी शोधली असती तर बहुधा फसलो असतो, कारण नोंदीत त्यांचे पहिले नावच आडनावाच्या जागी पडले होते. क्रमांक हाती नसेल तर तशीही उलटापालट करून पाहावी. कसिनोच्या स्मारकावर, ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव तिथेच आहे. आमचे थोरले आजोबा मात्र अॅड्रियाटिक किनाऱ्याजवळ, तोरिनो दी सांग्रो गावच्या युद्ध दफनभूमीत नोंदलेले होते. समाधी नव्हतीच. त्यांना अग्नी दिला गेला होता आणि अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे तिथल्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत. परक्या मुलुखात, भर लढाईत, कोणीतरी त्यांना रीतीने अग्नी दिला, हे कळल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिथे जायला जवळच्या पेस्कारा शहरापर्यंत गेल्यास पुढे भाड्याची मोटार सोयीची पडते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून ठेवावा लागतो. दिवसही पूर्ण राखून ठेवावा. फ्लॉरेन्समधला एक दिवस कमी करून आम्ही तो काढला आणि मुलांनीही त्याबद्दल कुरकुर केली नाही.

स्मारकावर नाव शोधायला वेळ लागला नाही. वडिलांनी अक्षरांवरून बोट फिरवले. इंग्रजी स्पेलिंग आम्ही आज लिहितो तसे नव्हते, तेव्हा कागदपत्रे पाठवून ते दुरुस्त करून घेऊ या, असे मी म्हणाले. वडिलांनी पिशवीतून पेन्शनचे पुस्तक काढून नावाशेजारी धरले. दोन्हीकडे तेच स्पेलिंग होते. "राहू दे," ते म्हणाले, "काकीने जन्मभर याच नावाखाली अंगठा उठवला."