हमिंगबर्डच्या नादात शक्करखोरा

माझी चुलत बहीण टेक्सासला असते. तिच्या बॅकयार्डमधे लाल प्लास्टिकचं फीडर टांगलेलं आहे, त्यावर हमिंगबर्ड येतात आणि त्याचे व्हिडिओ ती फॅमिली ग्रुपवर टाकत असते. जेमतेम तीन ग्रॅमचा जीव, आणि मेक्सिकोचं आखात म्हणे न थांबता उडून पार करतो. बघून बघून मलापण खूळ लागलं. मागच्या वर्षी मे महिन्यात ऑनलाइन तसलंच फीडर मागवलं, सोबत लाल रंगाची पुडी फुकट. बहिणीला फोटो पाठवला तर ती आधी ओरडलीच, रंग अजिबात घालू नको, मध पण नको, एक वाटी साधी पांढरी साखर आणि चार वाट्या पाणी, बास. आणि मग हसत सुटली, "अगं पण इंदूरला हमिंगबर्ड येणार कुठून?"

हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत पण सगळ्या तिकडेच, उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत, आपल्याकडे एकपण नाही. मी आपली इतकी वर्षं धरून चालले होते की आमच्या जास्वंदीवर येतो तो चमकणारा जांभळा-काळा म्हणजे त्यातलाच कुणीतरी. तो शिंजीर निघाला. पण इंदूरच्या आमच्या रामबागेत शिंजीर म्हटलं तर लोक विचारतील पुण्याहून आलात का, इथे सगळे शक्करखोराच म्हणतात.

आता नावातच शक्कर आहे तर साखरपाणी पिईल ना? टांगलं. बाहेर 42 डिग्री, दुसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास, आणि तारेवरून मुंग्यांची ही लांब लाइन. सासूबाई म्हणाल्या, मुंग्यांना साखरच घालायची होती तर ओटल्यावर घालायची, पुण्य तरी लागलं असतं! शक्करखोरा एकदाच आला, भांड्याभोवती दोन सेकंद फडफडला आणि गेला जास्वंदीवर. नंतर डोक्यात प्रकाश पडला की हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून पितो, त्याला बसायला काही लागत नाही, आणि माझ्या फीडरला बसायची दांडीच नव्हती. शक्करखोरा थोडा वेळ हवेत थांबू शकतो पण त्याला खरं आवडतं फांदीला धरून, वाकडंतिकडं होऊन प्यायला. मोठं फूल असेल तर समोरून जातपण नाही, देठाजवळ सरळ भोक पाडतो आणि आतला रस ओढतो, चोर कुठला.

मग नर्सरीतून हमेलिया आणला, शेंदरी नळीसारखी फुलं येतात तो. गंमत म्हणजे हा मूळचा अमेरिकेतलाच, तिकडे त्यावर हमिंगबर्ड येतात. म्हणजे पक्षी नाही आला पण त्याचं ताट आलं इंदूरला. रसेलियापण लावला, आणि मावा पडला तरी फवारणी एकदम बंद. कारण हे पक्षी नुसत्या मधावर जगत नाहीत, पिल्लांना तर किडे आणि कोळीच भरवतात.

आणि कोळ्यांवरून आमच्या घरात महाभारत. शहर 2017 ते 2023 सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आणि मी दिवाळीच्या साफसफाईत सांगतेय की मागच्या जिन्याखालची कोळिष्टकं काढू नका! पण फेब्रुवारीत मादी आली ती नेमकी तिथेच, नर तेवढा चमकतो, ही बिचारी मातकट, पोटाला पिवळट. जाळं चोचीत गुंडाळून घ्यायची आणि बोगनवेलीकडे पळायची. आठवड्याभराने तिथे काहीतरी लोंबकळत होतं, मला वाटलं कचरा अडकलाय, झाडू घेऊन गेलेसुद्धा. जवळून पाहिलं तर सालीचे तुकडे, सुकलेली पानं, अळ्यांची लेंडकं, नमकीनच्या पुडीचा एक कपटा, सगळं जाळ्याने चिकटवलेलं, बाजूला भोक आणि भोकावर चक्क छोटासा छज्जा. घरटं होतं यार! हात कापायला लागले माझे. बांधलं तिने एकटीने, अंडी उबवली तिने एकटीने, साधारण 15 दिवस, आणि महाशय तेवढा वेळ माझ्या स्कूटीच्या आरशात दुसरा नर दिसतो म्हणून त्याच्याशी मारामारी करून राहिले होते. शेवटी आरशाला जुना मोजा घातला. पिल्लं झाल्यावर मात्र भरवायला येत होता, खोटं नाही बोलणार.

दोन पिल्लं उडाली. सध्या नराचा तो जांभळा कोट उतरलाय, मादीसारखाच दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी, टाय लावल्यासारखी. बहिणीला फोटो पाठवला तर म्हणते यात पक्षी कुठेय. हलतोच इतका, मी काय करू.

फीडर माळ्यावर गेलं. हमेलिया मात्र भिंतीच्या वर गेलाय, या पावसात छाटणार आहे, फांदी मातीत खोचली तरी लागते. आसपास कुणाला हवी असेल तर कॉमेंटमधे सांगा, काढून ठेवते.