संत्र्याला युरोपात काय म्हणतात?

नेदरलँड्समध्ये हॉटेलात संत्र्याचा रस मागायचा तर ‘झ्यू दोरांज’ म्हणतात. तेच फळ बाजारात किलोवर घ्यायचं तर ते ‘सीनासआपल’. आणि त्याच्या सालीचा रंग ‘ओरान्ये’. इथे राहायला आल्यापासून या तीन शब्दांनी मला वेड लावलंय.

सीनासआपल म्हणजे चीनचं सफरचंद. परक्या फळाला, कंदालाही, ‘आपल’ म्हणायची इथे जुनी रीत आहे. बटाटासुद्धा ‘आर्डआपल’, म्हणजे जमिनीतलं सफरचंद! उत्तर जर्मनीतलं ‘आपफेल्झीने’, स्वीडिश ‘आपेल्सीन’, रशियन ‘अपेल्सिन’ ही सगळी याच चिनी सफरचंदाची भावंडं.

स्पेनमध्ये उतरलं की मात्र मराठी कान टवकारतात. तिथे संत्रं म्हणजे ‘नारांखा’. हंगेरीत ‘नारांच’, पोर्तुगालमध्ये ‘लारांजा’. आपलं नारिंगच की हे! शब्दाचं मूळ बहुधा दक्षिणेतल्या द्रविड भाषांमध्ये. तिथून संस्कृतात ‘नारंग’, मग फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, आणि अरबांबरोबर तो सिसिलीत आणि स्पेनमध्ये पोचला. इटलीत त्याचा न गळून पडला. ‘ऊना नारांचा’ म्हणता म्हणता न मागच्या शब्दाला चिकटला आणि उरलं ‘आरांचा’. फ्रेंचमध्ये सुरुवातीला ‘ओ’ आला, तो सोन्याच्या ‘ऑर’ या शब्दामुळे असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. या फ्रेंच रूपातूनच इंग्रजी ऑरेंज आलं.

एकाच फळाला कुठे नारंगाचं नाव आणि कुठे चीनचं, असं का? कारण अरबांनी आणलेलं फळ कडू होतं. सेव्हिल शहराच्या रस्त्यांवर आजही त्याची झाडं आहेत. तोडून सरळ तोंडात टाकावं असं ते फळ नव्हे. ब्रिटिश लोक त्याचा मार्मालेड करतात. गोड संत्रं युरोपभर पसरलं ते पंधराव्या-सोळाव्या शतकापासून, आणि त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. नवी चव आली, तिला अनेक ठिकाणी नवं नाव मिळालं. उत्तरेकडच्यांनी चीनचं नाव दिलं, तर पूर्वेकडच्यांनी ते आणणाऱ्या पोर्तुगालचं: रोमानियात ‘पोर्तोकाला’, बल्गेरियात ‘पोर्तोकाल’, तुर्कस्तानात ‘पोर्ताकाल’.

मला सगळ्यात आवडते ती ग्रीक भाषा, कारण तिने दोन्ही नावं जपली आहेत. कडू ते ‘नेरांजी’, गोड ते ‘पोर्तोकाली’. जमिनीवरून आलेलं आणि समुद्रावरून आलेलं फळ तिथे आजही वेगवेगळ्या नावांनी ओळखलं जातं.

डच लोकांच्या रंगाची गोष्ट आणखी वेगळी आहे. २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, सगळा देश नारिंगी कपड्यांत रस्त्यावर येतो, फुटबॉल संघालाही ‘ओरान्ये’च म्हणतात. पण हे राजघराण्याचं नाव फळावरून पडलेलं नाही. दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावाचं रोमन काळातलं नाव ‘अराउसिओ’. त्याचा आणि फळाचा मुळात काही संबंध नाही. उच्चार झिजत झिजत दोन्ही शब्द सारखे झाले इतकंच. नासाऊ घराण्यातल्या विल्यमला १५४४ मध्ये त्या संस्थानाचा वारसा मिळाला, घराण्याने ते नाव लावलं, आणि नावाबरोबर रंगही आला.

पोर्तुगीजांचा माग आपल्याकडच्या फळांवरही आहे. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आल्याचं मानतात आणि तिथे त्यांचीच वसाहत होती. म्हणजे ग्रीसमधल्या आजीचं ‘पोर्तोकाली’ आणि जालन्याच्या बागेतली मोसंबी, दोन्ही नावांमागे त्याच दर्यावर्दी लोकांचा व्यापार आहे. पोर्तुगालमध्ये मात्र ते स्वतः अजूनही लारांजाच मागतात.