भरलेली बाटली

चिऊच्या दप्तरातून बाटली काढली तर सकाळी भरून दिलेली तशीच. ओरडले तिच्यावर. इतकी, की सासूबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. "प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं दाराला कडी नाहीये," एवढंच म्हणाली ती.

तेव्हापासून बसून आहे. रागावले कुणावर?

मीही तेच करत आले. दीड तासाची एसटी, म्हणून सकाळचा चहासुद्धा अर्धाच. ऑफिसातल्या त्या एका बाथरूमला तर मी वर्षानुवर्षं टाळलंय. यंदा लघवीचं हे तिसरं इन्फेक्शन. लॅबमधला मुलगा आता नाव न विचारताच डबी पुढे करतो. मधली धार, जंतू वाढवून बघायच्या कल्चरला दोन दिवस, आणि पुन्हा तेच ई. कोलाय जंतू. जुलैत हुडहुडी भरून 103 ताप, कुशीत कळ. जंतू वर किडनीपर्यंत चढले होते. मग तो स्कॅन: दोन्ही किडन्यांच्या मिळून कामात डावीचा वाटा 62 टक्के, उजवीचा 38. उजवीवर व्रण.

डॉक्टर म्हणाल्या, व्रण बहुधा लहानपणचे. लहानपणी मला सारखा ताप यायचा. उन्हाळी लागली म्हणून आई धन्या-जिऱ्याचं पाणी द्यायची. ताप उतरला की सगळे विसरायचे. लघवी कुणी तपासलीच नाही. आईला हे सांगणार नाही. नकोच.

मलाच का, असं दुपारभर वाटत राहिलं. रडूनही झालं.

पण टोचतंय ते वेगळंच. लघवी मूत्राशयातून उलटी वर जाण्याचा दोष कधी कधी घराण्यात असतो, मुलीला कारण न कळणारा ताप आला तर लघवी आधी तपासा, असंही डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेच मनात घेऊन फिरतेय आणि आज ही बाटली. राग तिच्यावर नव्हताच. मी घाबरले होते.

किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.9, म्हणजे ठीक आहे. व्रण पुसले जाणार नाहीत, पण आहे ती किडनी जपता येईल. इन्फेक्शन पुन्हा होऊ नये म्हणून रात्रीची गोळी तीन महिने, एकही न चुकवता. लघवी गडद पिवळी होते तिने, होऊ दे.

जेवताना चिऊला जवळ घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला. "तू आधी पी," म्हणाली. तिच्यासमोर संपवला.

उद्या अर्धी रजा टाकून तिच्या शाळेत जाते. कडी मीच विकत घेऊन जाईन, सुतारालाही सांगून ठेवलंय.