बाबांच्या नाकावरची पुळी आणि बायोप्सीचा रिपोर्ट

बाबा रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे, मालवणच्या किनाऱ्यावर आयुष्य गेलं, डोक्यावर फारतर टॉवेल. नाकपुडीच्या बाजूला काळपट चकचकीत गाठ आली, दुखत नाही, खाजत नाही, पण रक्त यायचं, खपली धरायची, पडली की परत रक्त. शेजारच्या काकी म्हणाल्या "पुळी आसा गो ती, हळद लाव". पुळी एवढे महिने राहते का?

स्किनच्या डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि सरळ बायोप्सी सांगितली. छोटं भोक पाडल्यासारखा तुकडा काढतात, एखाद टाका, घरी. त्रास होतो तो रिपोर्ट येईपर्यंत. आला तर त्यात बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, घरात लगेच रडारड, आईने तर कुणकेश्वराला नवसच बोलला.

डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावलं की हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे फारच क्वचित जातो, पण जिथे आहे तिथे खात जातो, नाकाच्या कूर्चेपर्यंत, डोळ्याजवळ असेल तर तिकडे. म्हणजे घाबरायचं नाही आणि थांबायचं पण नाही. केमोची गरज नसते सहसा. अगदी वरवरचा असेल तर कधी क्रीमवर पण भागतं, बाबांचा खोल होता. गोऱ्या लोकांत हा खूप होतो, आपल्याकडे कमी, आणि आपल्या कातडीवर बऱ्याचदा काळा दिसतो म्हणून लोक तीळ समजतात.

मोहस नावाची पद्धत आहे, थर काढायचा, लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचा, उरलं असेल तर तिथेच पुढचा थर. नाकासाठी चांगली पण मोजक्याच ठिकाणी होते. आम्ही घाट चढून कोल्हापूरला प्लास्टिक सर्जनकडे गेलो, त्यांनी आजूबाजूची काही मिलीमीटर चांगली कातडी धरून गाठ काढली आणि गालाची कातडी सरकवून खड्डा झाकला. फक्त जागा बधिर केली, बाबा सगळा वेळ डॉक्टरांशी बांगड्याच्या भावावर बोलत होते!! दुसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद, ते नॉर्मल असतं पण आधी कोणी सांगितलं नव्हतं त्यामुळे जीव गेला माझा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रेशन कार्ड, आधार बरोबर न्या, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का ते अ‍ॅडमिशनआधीच विचारा.

काढलेली गाठ परत लॅबला जाते आणि माझ्या मते खरा रिपोर्ट तो. त्यात मार्जिन क्लियर आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्यात का, हे वाचून घ्या, डॉक्टर घाईत असले तरी विचारा. आमचे क्लियर आले.

आता ठरावीक दिवसांनी दाखवायला जातो, नाकाबरोबर कान, मान, पाठ पण बघतात कारण एकदा झालेल्याला दुसरीकडे नवीन होऊ शकतो. सनस्क्रीन चिकट लागतं म्हणून बाबा लावत नाहीत, रुंद काठाची टोपी तेवढी घालतात, ती पण वाऱ्याने उडते म्हणून दोरी शिवून दिली.