समासातली नोंद

बिशप हाऊसमध्ये, म्हणजे बिशपांच्या कार्यालयात, नोकरी करते असे सांगितले की समोरचा माणूस आपोआप आवाज खाली आणतो, जणू मी एखाद्या मठात राहते. माझ्या टेबलावर शिक्क्याची शाई, टाचण्यांची डबी, दोन आकारांचे लिफाफे आणि लग्नाच्या कागदांचा एक गठ्ठा असतो. तो गठ्ठा श्रावणात जरा खाली उतरतो आणि नाताळाच्या आधी पुन्हा हनुवटीला लागतो. वसई धर्मप्रांत, म्हणजे आमच्या बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. किनाऱ्यावरच्या जुन्या ख्रिस्ती गावांपासून जव्हार-तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांपर्यंतची कागदपत्रे आमच्याकडे येतात. काही धर्मगुरू आणि काही आम्ही प्रापंचिक कर्मचारी, एवढाच आमचा पसारा आहे.

कार्यालयाचा कारभार चॅन्सेलर पाहतात. नावावरून मोठ्या अधिकाराचे पद वाटते, पण चर्चच्या कायद्याने, म्हणजे कॅनन लॉने, त्यांच्यावर टाकलेले मुख्य काम कागद गोळा करणे, नीट लावणे आणि सांभाळणे हेच आहे. या पदावर प्रापंचिक व्यक्ती बसू शकते, अगदी स्त्रीसुद्धा. धर्मगुरूच्या नावलौकिकाचा प्रश्न असलेल्या प्रकरणात मात्र नोटरी, म्हणजे कागद प्रमाणित करणारा, धर्मगुरूच असावा लागतो. ही तरतूद मी आमच्या चॅन्सेलर फादरांना वर्षातून एकदा तरी वाचून दाखवते. ते हसतात आणि पुढची फाईल माझ्याकडे सरकवतात.

माझा बराचसा दिवस बाप्तिस्म्याच्या दाखल्यांत जातो. लग्न ठरलेल्या मुलाची किंवा मुलीची आई प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून आणलेला दाखला काढते. तो बहुधा लॅमिनेट केलेला असतो, पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे लहानपणी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वेळी घेतलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. मी सांगते की हा चालणार नाही, धर्मग्रामातून, म्हणजे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या कार्यालयातून, नवा आणावा लागेल, सहा महिन्यांच्या आतला. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "बाय, बाप्तिस्मा काय दरवर्षी बदलतो का गो?" प्रश्न रास्त आहे. बाप्तिस्मा बदलत नाही, पण त्याच्या शेजारचा समास बदलतो, आणि आम्हाला तो समासच पाहायचा असतो.

कॅथलिक माणसाची नोंद आयुष्यभर एकाच वहीत राहते, आणि ती वही त्याचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या चर्चची असते. तो पुढे पुण्यात राहो, कुवेतला जावो की कॅनडात स्थायिक होवो, त्याचे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न, गुरुदीक्षा, संन्यस्त जीवनाचे कायमचे व्रत, दत्तकविधान यांपैकी जे घडेल ते त्या पहिल्या ओळीच्या बाजूला, समासात लिहिले गेले पाहिजे, असे सध्याचा १९८३ चा कॅनन लॉ सांगतो. ज्या चर्चमध्ये लग्न लागते तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या चर्चला तसे लेखी कळवायचे असते. म्हणून नवा दाखला कोऱ्या समासाने आला की मुलगा किंवा मुलगी लग्नाला मोकळी आहे असे प्रथमदर्शनी समजते, आणि घरच्या कपाटातला वीस वर्षांपूर्वीचा दाखला कितीही जपलेला असला तरी मधल्या वीस वर्षांबद्दल काहीच बोलत नाही.

ही पद्धत एका दिवसात तयार झालेली नाही. गुपचूप लावलेली आणि नंतर नाकारलेली लग्ने युरोपात फार झाली, तेव्हा ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर लग्न लावणे व त्याची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. लग्नाची वही मात्र लग्न जिथे लागले त्या गावात राहते. माणूस दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा बोहल्यावर चढला तर तिथे कोणाला काय कळणार? ही फट बुजवण्यासाठी लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही व्हावी असा आदेश रोमने १९०७ साली काढला. संगणकाच्या कितीतरी आधी, निव्वळ टपालाच्या भरवशावर, जगभरच्या खेड्यापाड्यांतल्या वह्या एकमेकींशी जोडण्याची ही कल्पना मला आजही चकित करते. टपाल पोहोचले नाही की ती लंगडी पडते हेही खरे आहे, आणि आमचा अर्धा फोनखर्च त्यापायीच होतो.

जुन्या वह्या वाचणे हे वेगळे कसब आहे. त्या लॅटिनमध्ये आहेत; महिने लॅटिन, नावे लॅटिन, आणि अक्षर त्या त्या फादरांच्या स्वभावाप्रमाणे. वहीत 'याकोबुस' लिहिलेले असते. त्याचा घरी जेकब झालेला असतो आणि शाळेच्या दाखल्यावर जेम्स, आणि दोन्ही बरोबर असतात, कारण लॅटिन नाव एकच आहे. आडनावांचे तर विचारू नका. एकाच आजोबाच्या तीन नातवंडांनी डिसोजा हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, एकाने स्वल्पविराम वर टांगून, एकाने तो काढून आणि एकाने मध्ये जागा सोडून. घरात त्याचे कोणाला काही नसते. परदेशी व्हिसासाठी कागद जुळवायची वेळ आली की तिघेही एकाच सकाळी आमच्या बाकावर बसलेले दिसतात.

अशा वेळी लोकांना वाटते की फादरांनी वहीत पेन फिरवले की काम झाले. वहीतली मूळ नोंद खोडायची नसते. दुरुस्तीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदलले असल्यास त्याची प्रत आणि इतर पुरावे येतात, ते इथे तपासले जातात, मग परवानगीचे पत्र धर्मग्रामाला जाते आणि दुरुस्ती पत्राच्या क्रमांकासह पुन्हा समासातच लिहिली जाते. मूळ चूक तशीच खाली वाचता येते. मला हे योग्य वाटते, कारण शंभर वर्षांनी वही उघडणाऱ्याला काय होते आणि का बदलले हे दोन्ही कळायला हवे.

वाळवी आणि खारी हवा यांना मात्र कॅनन लॉ लागू होत नाही. १९१७ च्या जुन्या कायद्यात प्रत्येक धर्मग्रामाने वर्षअखेर आपल्या वह्यांची प्रमाणित नक्कल बिशपांच्या कार्यालयात पाठवावी असा नियम होता. तो १९८३ मध्ये गळाला. एखादे पान भुगा झालेले निघाले की त्या नियमाची मला आठवण येते.

लग्नाच्या गठ्ठ्यातला सर्वांत नाजूक भाग मिश्रविवाहांचा असतो, आणि इथे कारकुनी चूक परवडत नाही. कॅथलिक मुलीचे प्रॉटेस्टंट मुलाशी लग्न असेल तर बिशपांची परवानगी लागते. हिंदू किंवा बाप्तिस्मा न झालेल्या अन्य कोणाशी असेल तर तिथे कायद्याचा अडथळाच असतो आणि त्यातून सूट घ्यावी लागते. बाहेरच्याला हे शब्दांचे खेळ वाटतील. पण परवानगीविना लागलेले पहिल्या प्रकारचे लग्न नियमबाह्य असले तरी वैध असते, तर सूट न घेता लागलेले दुसऱ्या प्रकारचे लग्न चर्चच्या दृष्टीने वैधच ठरत नाही. दोन्हींचे फॉर्म निराळे आहेत आणि मी ते मुद्दाम दोन वेगळ्या खणांत ठेवले आहेत. मुलाचे आईवडील अनेकदा घाबरून विचारतात, "आमच्या पोराकडून काही लिहून घेणार का?" मी त्यांना सांगते की श्रद्धा जपण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा करण्यासाठी आपल्या परीने सारे करण्याचे वचन फक्त कॅथलिक बाजू देते, दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना दिली जाते, एवढेच. १९७० पूर्वी दोघांकडूनही वचन घेत असत, आणि गावातल्या आठवणी अजून त्याच काळातल्या आहेत.

सरकारदरबारीही ही लग्ने पोहोचवावी लागतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या लग्नांची नोंद बिशप ठरवतील त्या नमुन्यात व्हावी आणि दर तीन महिन्यांनी तिचे विवरण जन्म-मृत्यू-विवाहाच्या महानिबंधकांकडे जावे अशी तरतूद आहे. 

चर्चच्या न्यायासनाचे कामकाज माझ्याकडे नाही, पण तिकडे जाणारे लोक आधी माझ्याच टेबलापाशी थबकतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, चर्च घटस्फोट देत नाही. लग्न मुळात वैध झाले होते का हे तपासते. दुसरी, चर्चचा निकाल हाती आला म्हणून दिवाणी कायद्याने लग्न संपत नाही, त्यासाठी न्यायालयात जावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते स्पष्ट केले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली दुसऱ्या न्यायासनाकडून निकालावर शिक्कामोर्तब करून घेण्याची सक्ती काढल्यापासून या प्रकरणांतला एक मोठा टप्पा कमी झाला आहे. ही माहिती देताना मी आवाज हळू ठेवते आणि पाणी विचारते. याहून अधिक काही करणे माझ्या हातात नसते.

हिशेबाचा विभाग पलीकडच्या खोलीत आहे. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारे हिशेब, विश्वस्त बदलले की करायचे अर्ज, परदेशी देणग्यांचे नियम यांत तिथले सहकारी मानेपर्यंत बुडालेले असतात, आणि त्यांच्या कामाबद्दल मी लिहिले तर ते मला चुका दाखवतील.

अभिलेखागाराला कुलूप असते. कायद्याने त्याची किल्ली फक्त बिशप आणि चॅन्सेलर यांच्याकडे असावी लागते, त्यामुळे एखादी जुनी फाईल हवी असेल आणि फादर मिस्सासाठी बाहेर गेले असतील तर मी थांबते. वंशावळ शोधणारे, विशेषतः परदेशातून सुट्टीवर आलेले, यावर चिडतात. पण त्या कपाटांत कोणाच्या तरी दत्तक जाण्याची, कोणाच्या तरी तुटलेल्या लग्नाची कागदपत्रे आहेत, आणि संबंधित माणसे अजून याच बाजारात भाजी घेत असतात.

या आठवड्यात कुवेतहून एका लग्नाची सूचना आली. मुलाचा बाप्तिस्मा आमच्याकडच्या एका किनारी गावातला. सूचनेत वडिलांचे नाव एका तऱ्हेने, वहीत दुसऱ्या तऱ्हेने. जन्मतारीख आणि आईचे नाव मात्र जुळत होते. मी धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन केला, तिथल्या मुलीने वही काढली, पान सापडेपर्यंत मला फोनवर कोंबडा आरवताना ऐकू येत होता. संध्याकाळी तिने पोचपावतीचा फोटो पाठवला: खंड, पान, ओळ, आणि खाली 'समासात नोंद केली' असे निळ्या शाईत लिहून सही. मूळ पावती टपालाने येईल, तोवर ती फाईल मी गठ्ठ्याच्या वरच ठेवली आहे.