उंच वाफ्यातल्या टोमॅटोला आधार कुठे द्यायचा?

मेचा मध्य आला, दहिवराची म्हणजे गोठलेल्या दवाची भीती सरली की न्यू जर्सीत टोमॅटोची रोपं बाहेर लागतात. या राज्याला टोमॅटोचं भारी वेड. इथल्या विद्यापीठाने १९३४ साली काढलेल्या 'रटगर्स' जातीचं बी आजही मिळतं.

घरामागे बरेच जण लाकडी चौकटीचे उंच वाफे करतात. चार फूट रुंद, आठ फूट लांब, फूटभर उंच. कुठे चिकणमातीत पाणी साचतं म्हणून, तर कुठे जुन्या घराच्या रंगातलं शिसं लगतच्या मातीत उतरलं असेल या धास्तीने. अमेरिकेत घरांच्या शिसेयुक्त रंगावर बंदी आली ती १९७८ मध्ये.

वाफ्यातली माती कंपोस्ट घातलेली, भुसभुशीत. मुळं तिच्यात खुशीत पसरतात, पण रोवलेली काठी मात्र हलते. दुकानातले तारेचे निमुळते पिंजरे 'रोमा'सारख्या बुटक्या जातींना पुरतात. 'सनगोल्ड' किंवा 'ब्रँडीवाइन'चा शेंडा मात्र थांबतच नाही. ऑगस्टपर्यंत झाड डोक्यावर जातं. फळांनी लगडलेलं असताना वादळी पाऊस झाला की पिंजऱ्यासकट आडवं होतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: वाफ्यातल्या मातीच्या भरवशावर आधार उभा करू नये. आठ फुटी लोखंडी खांब घ्यावा. फूटभर वाफ्याच्या मातीत, आणखी फूटभर खालच्या मूळ जमिनीत गेला तरी सहा फूट वर उरतो. चौकटीच्या आतल्या बाजूला तो पट्टीने जखडला की हलत नाही. हे सगळं रोप लावतानाच करावं, नंतर ठोकाठोकी केली तर मुळं तुटतात.

पुढची रीत नारायणगावकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. तिकडे बांबू, तार आणि सुतळी. इथे दोन खांबांमध्ये दोरी ओढतात. जाताना झाडांच्या एका बाजूने, येताना दुसऱ्या बाजूने, म्हणजे खोड मधे धरलं जातं. झाड वीतभर वाढलं की वर नवा फेरा. दुसरा पर्याय गुरांच्या कुंपणाच्या जाड जाळीचा. ती सोळा फूट लांब मिळते, मधोमध कापली की बरोबर वाफ्याच्या लांबीची होते. महाग पडते, पण वर्षानुवर्षं टिकते, आणि मला तीच आवडते. खोड तिला सैल बांधावं. गाठ आवळली तर ते जाड होताना काचतं.

उंच जातींची बगलफूट, म्हणजे खोड आणि पानाच्या बेचक्यात येणारे कोंब, दर आठवड्याला खुडावी. बुटक्या जातींची खुडू नये, त्यांची फळं त्याच फांद्यांवर येतात. जमिनीलगतची पानं मात्र दोन्हींची काढावीत, कारण पावसाच्या शिंतोड्यांबरोबर करपा मातीतून पानांवर चढतो.

ऑक्टोबरात पहिल्या दहिवराचा अंदाज आला की उरलेले हिरवे टोमॅटो आदल्या संध्याकाळीच उतरवते. दाण्याचं कूट आणि गूळ घालून त्यांची भाजी फार छान होते.