एमसीबी पडतो, पण नेमका कधी?

हवेचा कॉम्प्रेसर चालू केला की एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) पडतो, असं नुसतं बोलून बघा. समोरचा लगेच म्हणेल, "सोळा अँपिअरचा काढ आणि बत्तीसचा टाक." माझ्या मेहुण्यानेही हेच सांगितलं. मी विचारलं, "आणि भिंतीतली वायर?" तर म्हणे, "वायरचा काय संबंध?"

अहो, सगळा संबंध वायरचाच आहे! एमसीबी बसवलेला असतो तो वायर वाचवायला, कॉम्प्रेसर वाचवायला नव्हे. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर बत्तीसचा लावला तर तो पडणार नाही हे खरं, पण आत इन्सुलेशन भाजत राहील आणि तुम्हाला कळायचंही नाही.

मला विचाराल तर आधी तो कधी पडतो ते बघा. माझा कॉम्प्रेसर दोन एचपीचा, सिंगल फेज. टाकी रिकामी असताना मुकाट चालू व्हायचा, आठ बारला कट व्हायचा. मग नेलर (हवेवर चालणारी खिळे मारायची बंदूक) चालवता चालवता दाब सहावर आला, की मोटर परत उठायला जायची, "हूंऽऽ" करायची आणि खट्! रिकाम्या टाकीवर चालतो आणि भरल्यावर पडतो, म्हणजे दोष बोर्डात असण्यापेक्षा कॉम्प्रेसरच्या डोक्यावर असण्याची शक्यता जास्त.

कट झाल्यावर प्रेशर स्विचमधून (दाब भरला की मोटर बंद करतो तो) "फुस्स" असा छोटा आवाज यायला हवा. हेडमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर, अडकलेली हवा अनलोडर नावाचा छोटा व्हॉल्व्ह सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी पिस्टनला मोकळं उठता येतं. माझ्याकडे तो आवाजच बंद झाला होता. प्लग काढला, टाकी पूर्ण रिकामी केली, स्विचचं झाकण उघडलं. अनलोडरची पिन गंज आणि तेलकट पाण्याच्या चिखलात रुतून बसली होती. साफ केली, बोटाने दाबून सुटतेय ना ते पाहिलं. फुस्स परत आलं. (आवाज थांबतच नसेल, तर मात्र टाकीवरचा एनआरव्ही, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, गळतोय, टाकीतली हवा उलटी येतेय.)

एवढ्याने निम्मं काम झालं. लांबच्या कोपऱ्यात काम काढलं आणि एक्स्टेंशन लावली, की रड पुन्हा सुरू. दोन एचपीची मोटर चालताना साधारण नऊ-दहा अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे पन्नासच्या घरात. एक स्क्वेअर एमएमची २० मीटर कॉर्ड धरली, तर जाऊन-येऊन तांबं ४० मीटर, रोध पाऊण ओमच्या आसपास. पन्नास अँपिअरला तिथेच ३५-४० व्होल्ट गळतात. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे जवळपास तीस टक्के गेला. मोटर उठायला वेळ लावते, तेवढा वेळ करंट चढलेला राहतो, आणि एमसीबी आपलं काम करतो. आता मी कॉर्ड लांब करतच नाही, हवेचा पाइप लांब करतो. पाइपात थोडा दाब गेला तरी मोटरला त्याचं काही नसतं.

मग वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तर सॉकेटच्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला, आणि वायरचं टोक बोटभर तपकिरी, कडक, हात लावला की तुकडे पडणारं. एमसीबीवर बी१६ लिहिलेलं. बी प्रकार रेटिंगच्या तीन ते पाच पटीत क्षणात पडतो, म्हणजे ४८ ते ८० अँपिअर, आणि आमच्या मोटरचा उठतानाचा करंट नेमका तिथेच. सी प्रकार पाच ते दहा पटीत पडतो, मोटरला तोच बरा. डीबीपासून (घराच्या मुख्य वितरण बोर्डापासून) चार स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन ओढली, त्यावर सी२०.

"दादा, आता मेहुण्यांना सांगा," वायरमन हसत म्हणाला, "वीसचा टाकला, पण वायर बदलून."

एमसीबी जागेवर राहून आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल, तर तो वेगळा रोग. करंट जमिनीकडे गळतोय. तिथे अर्थिंगची वायर काढून "चालतंय" म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. आणि रिकाम्या टाकीवर, पूर्ण व्होल्टेज असताना मोटर नुसती गुणगुणत असेल, तर संशय मोटरला उठताना जोर देणाऱ्या कपॅसिटरवर घ्या. मात्र प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, तेव्हा तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका.